उसन्या इंजिनाची स्पोर्ट्स मोटार : एक यांत्रिक विवेचन

एका मोटारीचे मूळ इंजिन उतरवून तिच्या जागी दुसऱ्या मोटारीचे इंजिन बसविणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात सुटे भाग मिळत नसल्यामुळे कित्येक जुन्या विलायती मोटारी अँबॅसिडरच्या अथवा जीपच्या इंजिनावर चालत राहिल्या, आणि तसे झाले नसते तर त्यांपैकी पुष्कळशा भंगारात गेल्या असत्या. मात्र या विषयाचा विचार बहुधा गॅरेजच्या भाषेत होतो, यंत्रशास्त्राच्या भाषेत क्वचितच. इंजिन बॉनेटखाली मावते की नाही, एवढा एकच प्रश्न मिस्त्री विचारतो. अश्वशक्ती किती वाढते, एवढाच प्रश्न मालक विचारतो. हे दोन्ही प्रश्न गैरलागू नाहीत, पण ते अपुरे आहेत. उसन्या इंजिनाची योग्यता त्याच्या शक्तीवरून ठरत नसून, त्याच्यासाठी मोटारीचा किती भाग बदलावा लागतो यावरून ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण गृहीत धरू. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९५५ ते १९६२ या काळात तयार झालेली एम.जी.ए. ही दोन आसनांची मोटार यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन येथे कोणा हौशी गृहस्थाकडे आहे, तिचा क्रँकशाफ्ट तडकला आहे, आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणावयाचे आहे, अशी कल्पना करावी. मुकुटबन हे स्थळ घेण्यात हेतू आहे. झरी-जामणी तालुक्यातील हे गाव वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर असून, भोवतालचा मुलूख कोळशाचा आणि चुनखडीचा आहे. वैशाखात तेथील पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो आणि रस्त्यावर मालमोटारींची धूळ असते. एम.जी.ए. मोटारीची आखणी ज्या देशात झाली, त्या देशातील अभियंत्याला या दोन्ही गोष्टींची दखल घेण्याचे कारण नव्हते.

उसनवारीच्या परंपरेबद्दल प्रथम थोडे सांगितले पाहिजे. पाश्चात्त्य देशांत तिचा उगम टंचाईत नसून महत्त्वाकांक्षेत आहे. ए.सी. एस ही मोटार १९५३ मध्ये निघाली तेव्हा तिला कंपनीचे स्वतःचे इंजिन होते; पुढे तिला ब्रिस्टलचे दोन लिटरचे इंजिन मिळाले, आणि तेही मुळात जर्मन बी.एम.डब्ल्यू.च्या आराखड्यावरून आलेले. ब्रिस्टलने ते इंजिन बंद केल्यावर १९६२ मध्ये कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूने त्याच मोटारीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसविले आणि कोब्रा जन्माला आली. सनबीम टायगरचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. १९६४ मध्ये सनबीम आल्पाइन या लहानशा मोटारीत फोर्डचे ४.२ लिटरचे व्ही-८ इंजिन घातले गेले. जागा इतकी अपुरी होती की स्टिअरिंगची मूळ यंत्रणा काढून रॅक-आणि-पिनियन पद्धतीची बसवावी लागली, आणि मागच्या बाजूच्या एका स्पार्क प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी बैठकीच्या बाजूने पडद्याला झरोका ठेवावा लागला. पुढे सनबीमची मालक कंपनी क्रायस्लरच्या ताब्यात गेली. क्रायस्लरला आपल्या मोटारीत प्रतिस्पर्धी फोर्डचे इंजिन विकणे रुचण्यासारखे नव्हते. स्वतःचे व्ही-८ बसवावे, तर त्याचा डिस्ट्रिब्यूटर मागच्या बाजूला असल्यामुळे ते बसेना. अखेर १९६७ मध्ये टायगरचे उत्पादनच थांबले. एक डिस्ट्रिब्यूटर पुढे असावा की मागे, एवढ्यावर एका मोटारीचे आयुष्य अवलंबून राहिले.

महाराष्ट्रातही उसन्या इंजिनाचा प्रयोग झाला आहे, आणि तो गॅरेजात नव्हे तर कारखान्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीने १९८५ मध्ये ११८ एन.ई. ही मोटार बाजारात आणली. तिचा सांगाडा मूळच्या फियाट १२४ चा, स्पेनमधील सेआट कंपनीकडून आलेला. इंजिन मात्र जपानच्या निस्सानचे, ए-१२ नावाचे, ११७१ घन सेंटिमीटरचे. ही मोटार चार दरवाजांची, घरगुती स्वरूपाची होती हे खरे; परंतु १९६६ ची फियाट १२४ स्पायडर ही प्रसिद्ध स्पोर्ट्स मोटार त्याच १२४ च्या तळावर, चाकांमधील अंतर २४२० वरून २२८० मिलिमीटरपर्यंत कमी करून उभारलेली होती. तेव्हा ११८ एन.ई. ही स्पायडरची घरातली बहीणच म्हणावयाची.

या प्रयोगातील आकडे पाहण्यासारखे आहेत. फियाट १२४ च्या मूळ इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि धाव ७१.५ मिलिमीटर, निस्सानच्या इंजिनाचा व्यास ७३ आणि धाव ७० मिलिमीटर. दोन देशांत, एकमेकांशी संबंध नसताना तयार झालेली ही इंजिने आकाराने जवळजवळ जुळी आहेत. दोन्ही उभ्या ओळीतील चार सिलिंडरांची, दोन्ही मागची चाके चालविणारी. शिवाय निस्सानचे इंजिन निस्सानच्याच गिअरबॉक्ससह आले, त्यामुळे या विषयातील सर्वांत नाजूक सांधा कारखान्याने जोडूनच दिलेला होता. शक्ती सुमारे ५२ अश्वशक्ती, म्हणजे मूळ फियाटपेक्षा कमीच. पण मोटारीच्या तळाला, चाकांना वा ब्रेकांना नवे काही शिकावे लागले नाही. याच्या उलट उदाहरण कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे तयार झालेल्या काँटेसाचे. व्हॉक्सहॉलच्या ऐसपैस सांगाड्यात १९८४ मध्ये अँबॅसिडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे, पन्नासेक अश्वशक्तीचे इंजिन घालण्यात आले. ते बसले, चालले, आणि अपुरे पडले. काही वर्षांतच त्याच्या जागी इसुझुचे १८१७ घन सेंटिमीटरचे इंजिन व पाच गतींचा गिअरबॉक्स आणावा लागला. मावणे आणि जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसून येईल.

आता मुकुटबनच्या आपल्या उदाहरणाकडे येऊ. मालकापुढे तीन उसनी इंजिने आहेत असे समजावे : अँबॅसिडरचे जुने १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन, इसुझुचे १८१७ घन सेंटिमीटरचे, आणि महिंद्राच्या जीपमधील प्युजो आराखड्याचे २११२ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन. तिसरे ग्रामीण भागात सहज मिळते, त्याचे भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात आणि ते कोणताही फिटर उघडू शकतो. म्हणून सल्ला देणाऱ्यांचा ओढा त्याच्याकडे असतो. नेमके तेच सर्वांत प्रथम बाद का करावे लागते, हे वजनाच्या हिशेबावरून कळते.

एम.जी.ए. च्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २३८८ मिलिमीटर आहे. नवे इंजिन जुन्यापेक्षा ६० किलोग्रॅमने जड आहे, आणि हा जादा भार पुढच्या आसाच्या १०० मिलिमीटर पुढे पडतो, असे गृहीत धरू. मागच्या आसाभोवती परिबले घेतली असता पुढच्या आसावरील वाढ ६० गुणिले २४८८ भागिले २३८८, म्हणजे सुमारे ६२.५ किलोग्रॅम येते. म्हणजे पुढच्या चाकांवर ६० नव्हे तर ६२.५ किलोग्रॅमची भर पडते, आणि मागची चाके अडीच किलोग्रॅमने हलकी होतात. अडीच किलोग्रॅम ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु ज्या चाकांनी मोटार ढकलावयाची त्यांची पकड घटते आणि ज्यांनी वळावयाची त्यांच्यावरचा बोजा वाढतो, अशी ही दुहेरी हानी आहे. स्प्रिंगा खाली बसतात, चाकांचे कोन बदलतात, स्टिअरिंग जड होते. हा केवळ तर्क नव्हे. १९६७ मध्ये एम.जी. कंपनीनेच आपल्या एम.जी.बी. मोटारीत २९१२ घन सेंटिमीटरचे सहा सिलिंडरांचे बिडाचे इंजिन घालून एम.जी.सी. काढली. इंजिन सुमारे दोनशे पौंडांनी जड होते. त्यासाठी पुढचे सस्पेन्शन समूळ बदलावे लागले, आणि तरीही नाक जड असल्याची तक्रार पहिल्या दिवसापासून झाली. १९६९ मध्ये ती मोटार बंद पडली.

त्याच एम.जी.बी.ला चार वर्षांनी व्ही-८ इंजिन शोभले, याचे कारण काय? ते इंजिन रोव्हर कंपनीचे, ३५२८ घन सेंटिमीटरचे. मूळ आराखडा १९६१ च्या अमेरिकन ब्यूकचा. ब्लॉक व हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे असल्यामुळे सिलिंडर दुप्पट असूनही ते एम.जी.बी.च्या चार सिलिंडरांच्या बिडाच्या इंजिनापेक्षा किंचित हलकेच भरले. केन कॉस्टेलो या इंग्रज तंत्रज्ञाने कारखान्याच्या आधीच, १९७० च्या सुमारास, ही जोडणी करून दाखविली होती. मात्र कार्ब्युरेटर उंच येत असल्यामुळे त्याला बॉनेटवर फुगवटा काढावा लागला. कारखान्याने १९७३ मध्ये कार्ब्युरेटर मागे, पडद्याच्या बाजूला सरकवून तोच प्रश्न बॉनेटला हात न लावता सोडविला. या एका फरकात या विषयाचे सार आहे, असे मला वाटते.

वजनानंतर गिअरांच्या प्रमाणाचा विचार. एम.जी.ए. च्या मागच्या आसाचे प्रमाण ४.३ आहे. चाकाची परिणामी त्रिज्या ०.३२ मीटर धरली तर एका फेऱ्यात मोटार सुमारे २.०१ मीटर पुढे जाते. वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या दर मिनिटाच्या १००० फेऱ्यांना वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर येतो. मूळ इंजिन ५५०० फेऱ्यांपर्यंत हौसेने फिरते. डिझेल इंजिन ४५०० च्या आसपास थकते. म्हणजे वेगाची मर्यादा ताशी १२६ किलोमीटर, आणि त्याच्या बरीच आधी कर्कशता. वेग ही मुख्य अडचण नव्हेच. इंजिनाचा पीळ ज्या फेऱ्यांच्या पट्ट्यात मिळतो तो पट्टा डिझेलमध्ये अरुंद असतो, आणि एम.जी.ए. च्या चार गिअरांमधील अंतरे रुंद पट्ट्याच्या इंजिनासाठी आखलेली आहेत. मागच्या आसाचे प्रमाण बदलल्याने पहिली अडचण दूर होईल, दुसरी होणार नाही.

अधिक पिळाच्या इंजिनाबाबत हिशेब उलट दिशेने करावा लागतो. एम.जी.बी.चे चार सिलिंडरांचे इंजिन सुमारे १४९ न्यूटन-मीटर पीळ देते, व्ही-८ सुमारे २६२, म्हणजे १.७६ पट. कारखान्याने मागच्या आसाचे प्रमाण ३.९०९ वरून ३.०७ वर आणले, म्हणजे १.२७ पट कमी केले. त्यामुळे वरच्या गिअरमध्ये चाकांवर पोहोचणारा पीळ १.७६ पट न वाढता १.३८ पट वाढला, आणि इंजिनही निवांत फिरू लागले. गॅरेजातील जोडणीत हे पाऊल बहुधा वगळले जाते. मग गिअरबॉक्सचे दाते जातात किंवा मागच्या आसाचे दंड पिळवटतात, आणि दोष मात्र दिला जातो 'जुन्या लोखंडाला'.

इंजिन व गिअरबॉक्स यांचा सांधा हा या कामाचा गाभा होय. दोन्ही एका घराण्याची नसतील तर मध्ये एक जाड पाटा घालून भोके जुळवावी लागतात. भोके जुळली म्हणजे सांधा जुळला, ही समजूत चुकीची आहे. जुळावयास हवेत ते दोन अक्ष : क्रँकशाफ्टचा आणि गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या दंडाचा. फ्लायव्हीलवर डायल गेज बांधून, इंजिन हाताने एक फेरा फिरवून, बेल-हाउसिंगच्या मधल्या भोकाचे डळमळणे मोजावे. ते साधारणतः एका इंचाच्या पाच सहस्रांशाच्या, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरच्या आत असले पाहिजे. ते दुप्पट असले तरी मोटार चालते, क्लच दबतो, मालक समाधानी होतो. मग काही हजार किलोमीटरांनंतर गिअर निसटू लागतो आणि पुढचे बेअरिंग आवाज करते. तशीच गोष्ट प्रॉपेलर शाफ्टची. इंजिन एका कोनात आणि मागचा आस दुसऱ्याच कोनात बसला, तर युनिव्हर्सल जॉइंटमुळे शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. दहा अंशांच्या कोनाला हा चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि जॉइंट योग्य जुळणीत बसविलेले असतील, तर एकाचा चढउतार दुसरा खोडून काढतो. म्हणून इंजिनाचे माउंटिंग वेल्ड करण्यापूर्वी कोनमापक हातात घ्यावे. डोळ्याने हा कोन ओळखता येत नाही.

उष्णतेचा प्रश्न मुकुटबनला टाळता येत नाही. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे मुख्यतः पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९५ अंशांवर ठेवावयाचे असेल, तर २० अंशांच्या विलायती उन्हाळ्यात हा फरक ७५ अंशांचा असतो. ४५ अंशांच्या विदर्भी दुपारी तो ५० अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, तोच वेग, आणि क्षमता मात्र दोन-तृतीयांश. मूळ इंजिनासाठी ठेवलेला राखीव वाव बहुतांश येथेच खर्च होतो. त्यावर अधिक शक्तीचे इंजिन आणले, तर वाढीव उष्णतेला जागाच उरत नाही. मोठा रेडिएटर बसवू म्हणावे, तर एम.जी.ए. चे नाक बसके आहे. उंची मिळत नाही, जाडी वाढवावी लागते, आणि जाड जाळीतून हवा ओढण्यास पंखा अधिक बळकट लागतो. धुळीचा मुद्दा थोडक्यात सांगता येईल : स्पोर्ट्स मोटारीवरील तारेच्या जाळीचे एअर फिल्टर या मुलखात सिलिंडरांना उपयोगाचे नाहीत, कागदी फिल्टर घालावा आणि त्यासाठी जागा आधी मोजावी. विजेबाबतही एक गोष्ट विसरली जाते. एम.जी.ए. मध्ये बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते. उसन्या इंजिनाबरोबर आलेला अल्टरनेटर ऋण टोक चासीला असल्याचे धरून चालतो. सर्व जोडणी फिरविल्याशिवाय तो जोडल्यास त्याची पहिलीच फेरी शेवटची ठरते.

हे सर्व निकष लावले असता डिझेल इंजिन बाद होते, इसुझु वादग्रस्त ठरते, कारण त्याला बॉनेटखालची उंची, सांधा आणि माउंटिंग या तिन्ही ठिकाणी मोटारीकडून सवलत हवी असते. राहते अँबॅसिडरचे इंजिन. आणि येथे एक सुखद योगायोग समोर येतो. अँबॅसिडरला १९५९ पासून मिळालेले १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि एम.जी.ए. चे पहिले इंजिन ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच 'बी' मालिकेतील आहेत, व्यास ७३.०२५ मिलिमीटर, धाव ८८.९ मिलिमीटर, दोन्हींची तीच. फरक आहे तो श्वासोच्छ्वासात : एम.जी.ए. ला दोन एस.यू. कार्ब्युरेटर, वेगळा कॅमशाफ्ट, अधिक दाब, आणि त्यांमुळे ७० च्या आसपास अश्वशक्ती. अँबॅसिडरला एकच कार्ब्युरेटर आणि टॅक्सीला पुरेल एवढा दम. मूळ इंजिनाचे हेड, कार्ब्युरेटर, संप, पुढची पट्टी व फ्लायव्हील शाबूत असतील, तर ते मोजूनमापून उसन्या ब्लॉकवर चढविता येण्याचा संभव मोठा आहे. कुळ एक आहे म्हणून न मोजता घेण्याचा मोह मात्र टाळावा. चार दशकांत आराखड्यात लहानसहान बदल होत गेलेले आहेत. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले असले, तरी अशी इंजिने अद्याप दृष्टीस पडतात.

तथापि आज या निवडीला कायद्याची एक बाजू आली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला मोटारीत करता येत नाही. इंधन बदलण्याच्या मान्य संचांपुरती सवलत आहे. शिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात जपलेली, आणि चासी, बॉडी अथवा इंजिन यांत भरीव फेरफार न झालेली मोटार या वर्गात येते; तिला 'व्ही ए' ही अक्षरे असलेला खास क्रमांक मिळतो. एम.जी.ए. वयाने सहज पात्र आहे. तिच्यात डिझेल घातल्यास ती पात्रता जाईल, यात शंका नाही. पण सख्ख्या मालिकेतील ब्लॉक घातल्यास काय? नियमाच्या शब्दांत या दोहोंमध्ये भेद केलेला नाही, आणि माझ्या मते ही उणीव आहे. कारण टंचाईच्या काळात सख्ख्या इंजिनावर जगलेल्या मोटारी हाच आपल्याकडील जुन्या मोटारींचा खरा इतिहास आहे. निर्णय नोंदणी अधिकाऱ्याच्या हाती असल्याने ब्लॉक खरेदी करण्यापूर्वी त्याची लेखी संमती विचारणे शहाणपणाचे.

आणखी एक पर्याय मुद्दाम शेवटी ठेवला आहे : उसनवारी न करण्याचा. एम.जी.ए. मोटारी एक लाखाहून अधिक तयार झाल्या. त्यामुळे तिचे क्रँकशाफ्टसकट बहुतेक भाग इंग्लंडमध्ये आजही नव्याने तयार होतात. आयात-परवान्यांचा तो जुना काळ सरलेला आहे. वाहतूक व जकात धरूनही एक क्रँकशाफ्ट मागविणे हे माउंटिंग, सांधा, रेडिएटर आणि आसाचे प्रमाण यांच्या एकत्रित खर्चापेक्षा बहुधा स्वस्तच पडेल. तो येईपर्यंत मोटार चालती ठेवावयाची असेल, तर अँबॅसिडरचा ब्लॉक तात्पुरता घ्यावा, परंतु चासीला कोठेही कापू वा वेल्ड करू नये. सर्व जोडणी बोल्टांचीच असावी. उतरविलेल्या मूळ ब्लॉकच्या सिलिंडरांत जाड तेल लावावे, पाण्याच्या वाटा कोरड्या कराव्यात, त्यावरील क्रमांकाची पट्टी ओरबाडली जाणार नाही अशा बेताने तो ताडपत्रीत बांधावा, आणि जमिनीपासून उंच, फळ्यांवर ठेवावा.